सात नंबरची नळी

मोजणीबाईंना पहिल्या रांगेत बसवलं, तिथेच कंपनीचं चुकलं.

मागे कुठे बसवलं असतं तर पडद्यावरचे आकडे त्यांना दिसलेच नसते. लांबचा चष्मा करायचा करायचा म्हणत दोन वर्षं राहून गेला होता. पण मोठे साहेब, म्हणजे वीज केंद्राचे व्यवस्थापक, आदल्या दिवशी स्वतः चालत त्यांच्या खोलीपाशी आले आणि म्हणाले, "बाई, उद्या सुनावणीला पुढे बसायचं. सगळ्यांसमोर तुमचं कौतुक होणार आहे." बावीस वर्षांत साहेबांनी त्यांच्याशी बोललेलं हे बहुधा चौथं वाक्य असेल. बाईंनी निळा गणवेश इस्त्री करून घातला, केस चापूनचोपून बसवले आणि अकराच्या सुनावणीला साडेदहालाच जाऊन बसल्या.

सुनावणी होती भिंतीची. ही भिंत म्हणजे काय, ते आधी नीट सांगायला हवं.

केंद्रात कोळसा जळतो आणि मागे राख उरते. ती राख पाण्यात कालवून मोठ्या पाइपांमधून टेकडीमागच्या तलावात सोडतात. नावाला तलाव, खरा तो करडा चिखल आणि वर वीतभर पाणी. या चिखलाला अडवून धरते ती एक मातीची भिंत, दीड किलोमीटर लांब. भिंतीच्या पायथ्याशी खालची वस्ती आहे, चारशे घरांची. त्यातल्या एका घरात मोजणीबाई राहतात आणि शेजारच्या घरात त्यांचा धाकटा दीर, जाऊ आणि त्यांची दोन मुलं.

मातीच्या भिंतीचं असं असतं, की ती बाहेरून कितीही भक्कम दिसो, तिची खरी ताकद पोटात असते. आतून कोरडी असेल तोवर ती उभी राहते. तलावातलं पाणी हळूहळू तिच्या पोटात चढत गेलं, की माती मऊ पडते आणि एक दिवस भिंत खाली बसते. आधी सांगून बसत नाही. वरच्या खोऱ्यातल्या दुसऱ्या एका केंद्राची भिंत अकरा वर्षांपूर्वी अशीच बसली होती, सकाळी आठ वाजता, शाळेच्या वेळेला. चिखलाखालून एक गल्ली मोकळी करायला सतरा दिवस लागले.

म्हणून या भिंतीच्या माथ्यावर तेरा नळ्या उभ्या पुरल्या होत्या. नळीचं झाकण उघडायचं, टेपच्या टोकाला बांधलेलं पितळी वजन आत सोडायचं. वजन खालून पोकळ, त्यामुळे पाण्याला टेकलं की 'डुबुक' असा आवाज येतो. आवाज आला की नळीच्या तोंडाशी टेपवर जो आकडा दिसेल तो वहीत लिहायचा. आकडा मोठा तर पाणी खोल, म्हणजे भिंत कोरडी. आकडा लहान तर पाणी वर आलं. एवढीच विद्या. पण ती बाईंनी बावीस वर्षं डोळ्यांत तेल घालून केली होती. तापात केली, वाऱ्यात केली, सख्ख्या भाचीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी मोजणी उरकून मग लग्नाला गेल्या.

आता कंपनीला ही भिंत आणखी तीन मीटर उंच करायची होती. परवानगीसाठी जाहीर सुनावणी घेणं भाग होतं.

कामगारांच्या उपाहारगृहातली टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. मंचावर मधोमध सुनावणी अधिकारी बाई बसल्या होत्या. चाळिशीच्या असतील. त्यांना सर्दी झाली होती, त्यामुळे एका हातात पेन आणि दुसऱ्या हातात रुमाल. शेजारी मोठे साहेब, त्यांच्या पलीकडे दोन वर्षांपूर्वी आलेले नवे इंजिनिअर.

आधी वस्तीतल्या लोकांनी हरकती सांगितल्या. वाळत घातलेले कपडे करडे होतात. लेकरांचा खोकला जात नाही. पिण्याच्या पाण्याला मचूळ चव आली आहे. प्रत्येक हरकतीला अधिकारी बाई मान डोलवायच्या आणि त्यांचा कारकून लिहून घ्यायचा. चाळीस हरकती झाल्या. चाळिसांच्या खाली मोठ्या साहेबांचं उत्तर एकच.

"आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो," साहेब म्हणाले. "पण तलाव आठ महिन्यांत भरणार आहे. भिंत वाढवली नाही तर राख टाकायला जागा नाही. मग चारातल्या दोन भट्ट्या बंद. म्हणजे निम्म्या जिल्ह्यात अंधार आणि सहाशे लोक घरी. तेही तुमच्याच वस्तीतले."

खुर्च्यांमध्ये चुळबुळ झाली. धाकटा दीर तिसऱ्या रांगेत होता. तो कोळशाच्या पट्ट्यावर कामाला. त्याने पुढे वाकून हळूच म्हटलं, "वहिनी, कौतुक झालं की आभार मानायचे आणि खाली बसायचं. भाषण नको."

"मला कुठे येतंय भाषण, भाऊजी?"

"येत नाही तेच बरं आहे."

मग नवे इंजिनिअर उठले आणि पडद्यावर एक रेघ उमटली. सात नंबरच्या नळीची. भिंतीच्या बरोबर मधली नळी ती, सगळ्यांत महत्त्वाची.

"ही पाहा भिंतीच्या आतली पाण्याची पातळी," इंजिनिअर म्हणाले. "साडेतीन वर्षांपूर्वी नळीत पाणी पाच मीटर दहावर होतं. त्यानंतर आपण भिंत एकदा वाढवली. लोक म्हणत होते, भिंत वाढवली की धोका वाढेल. प्रत्यक्षात काय झालं? पाणी एकदम खाली गेलं, सात मीटर तीस. नंतर थोडं वर आलेलं दिसतं, पण आजही सहा चाळीस आहे. म्हणजे आधीपेक्षा एक मीटर तीसने खाली. भिंत आज पूर्वीपेक्षा कोरडी आहे. आणि हे आकडे कुणा यंत्राचे नाहीत. हे आपल्या मोजणीबाईंच्या हातचे आकडे आहेत!"

टाळ्या झाल्या. मोठ्या साहेबांनी हाताने खूण केली, उठा म्हणून.

बाई उठल्या. हात जोडायला वर गेले आणि तिथेच थांबले. त्या पडद्याकडे बघत राहिल्या. रेघ आडवी आडवी येत होती, मग एका जागी पायरीवरून पाय घसरावा तशी धपकन खाली गेली होती आणि तिथून पुन्हा हळूहळू वर चढत होती.

ती पायरी कसली आहे, हे तिथे जमलेल्यांत एकाच माणसाला माहीत होतं.

भिंत वाढवली तेव्हा नळ्या मातीत बुडू नयेत म्हणून त्यांनाही वरून जोड दिला होता. दोन मीटर वीसचा. बाईंनी स्वतः उभं राहून जोड बसवून घेतले होते. नळीचं तोंड दोन मीटर वीसने वर गेलं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी टेपही दोन मीटर वीस जास्त सोडावा लागला. पाच दहा आणि दोन वीस, सात तीस. पाणी होतं तिथेच होतं, तसूभरही हललं नव्हतं. तेव्हाचे जुने इंजिनिअर म्हणाले होते, "तुम्ही नेहमीसारखं तोंडापासून मोजत राहा. जोडाची वजाबाकी मी वर ऑफिसात करतो." आणि त्याच महिन्यात त्यांची बदली झाली.

वजाबाकी कुणी केलीच नव्हती.

बाईंनी मनाशी हिशोब केला. सहा चाळीसमधून दोन वीस गेले, चार वीस. पूर्वी पाच दहा होतं. म्हणजे पाणी खाली गेलेलं नाही, नव्वद सेंटिमीटर वर आलंय. त्यांनी बोटांवर पुन्हा मोजलं. तेच उत्तर. गेल्या वर्षी त्यांनी नव्या इंजिनिअरांना म्हटलं होतं, "साहेब, सातचा आकडा दर महिन्याला उतरतोय." ते हसून म्हणाले होते, "अहो, पूर्वी पाच होता. अजून खूप वाव आहे." आणि बाईंना वाटलं, शिकलेला माणूस आहे, वजाबाकी करूनच बोलत असेल.

"बाई, बोला ना दोन शब्द," मोठे साहेब म्हणाले.

बाईंनी माइक हातात घेतला. "आकडे माझेच आहेत. खरे आहेत. पण ही रेघ खोटी आहे."

तिसऱ्या रांगेतून फक्त "वहिनी!" एवढंच ऐकू आलं.

"म्हणजे काय?" अधिकारी बाईंनी रुमाल खाली ठेवला.

"विहीर धरा, बाई. दोराने पाणी काढताय. उद्या मी विहिरीचा कठडा दोन हात उंच केला, तर दोर दोन हात जास्त सोडावा लागेल की नाही?"

"लागेल."

"मग विहिरीचं पाणी आटलं का?"

मागून कुणीतरी हसलं. अधिकारी बाई हसल्या नाहीत.

"तसं झालंय इथे," बाई म्हणाल्या. "नळ्यांना जोड दिलाय दोन मीटर वीसचा. तो कुणी वजा केलेला नाही. केला तर पाणी..."

माइक बंद झाला. कोपऱ्यातला माइकवाला वायरीशी खाटखुट करू लागला, जणू काही बिघडलंय. मोठे साहेब उठून उभे राहिले. "या तांत्रिक बाबी आहेत. बाईंनी लेखी द्यावं, आम्ही तपासू."

"कधी तपासणार?" बाईंनी विचारलं. त्यांना माइकची गरजच नव्हती. भिंतीच्या माथ्यावर भणाणत्या वाऱ्यात, पन्नास पावलांवर वही घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आकडा ओरडून सांगण्यात त्यांची उमर गेली होती. खिडक्यांच्या काचा वाजल्या. "परवानगीवर आज सही होणार. तपास उद्या. भिंत बसली तर मला कुठे कळवणार, चिखलात?"

"त्या मोजणी करतात, अर्थ लावत नाहीत," इंजिनिअर अधिकारी बाईंना म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र उतरला होता. ते सारखे मान वळवून पडद्यावरच्या पायरीकडे बघत होते. "जोड दिल्याची वहीत कुठेच नोंद नाही."

"नाही," बाई म्हणाल्या. "ती चूक माझी. मी जुन्या इंजिनिअरांच्या तोंडी शब्दावर राहिले आणि वहीत लिहायला विसरले. ती शिक्षा मला द्या, चारशे घरांना नको."

अधिकारी बाईंनी पेन उचललं, खाली ठेवलं. "नोंद नाही, तर मी कशावर विश्वास ठेवू? जोड दिसतो का?"

"दिसत नाही. मातीत गाडला गेलाय. पण हाताला लागतो."

"हाताला?"

"चला. इथून बारा मिनिटांवर आहे. किल्ल्या माझ्याकडे आहेत."

"सुनावणी अशी उठून चालत नसते," मोठे साहेब म्हणाले. "नियम आहेत."

"जागेची पाहणी करायचा मला अधिकार आहे," अधिकारी बाई उठत म्हणाल्या आणि शिंकल्या. "आणि इथे बसून मला नुसता गारठा मिळतोय."

मग काय, सगळी सुनावणीच रस्त्याला लागली. पुढे मोजणीबाई टेपची फिरकी खांद्याला अडकवून, मागे अधिकारी बाई, त्यांचा कारकून फाइल छातीशी धरून, मग साहेबलोक आणि त्यामागे वस्तीतली दीड-दोनशे माणसं. दीर धापा टाकत बाईंच्या बरोबरीला आला.

"वहिनी, भट्ट्या बंद झाल्या तर माझं काय, विचार केलात?"

"केला."

"मग?"

"तुम्हाला दुसरं काम मिळेल की नाही, मला माहीत नाही, भाऊजी. खोटं कशाला बोलू? पण तुमची मुलं झोपतात त्या घरापासून ही भिंत किती पावलांवर आहे, ते मी मोजलंय. दोनशे दहा."

दीर बरोबरीने चालत राहिला.

माथ्यावर वारा होता. एका बाजूला करडा, सपाट, चमकणारा तलाव. दुसऱ्या बाजूला खाली वस्तीची छपरं, गच्च्यांवर वाळत घातलेली धुणी. बाईंनी सात नंबरचं कुलूप काढलं, झाकण उघडलं आणि टेप अधिकारी बाईंच्या हातात दिला.

"तुम्हीच सोडा. सावकाश. बोटांत सैल धरा, मासा गळाला लागला तर कळेल असा."

अधिकारी बाईंनी वजन आत सोडलं. टेप सरसर खाली जाऊ लागला.

"आता हळू," मोजणीबाई म्हणाल्या. "अजून. अजून. लागलं?"

अधिकारी बाईंचा हात थबकला. "काहीतरी अडलं. कड आहे."

"वाचा आकडा."

त्या वाकल्या. "दोन वीस."

"ही जुन्या नळीची कड. तीन वर्षं रोज माझ्या हाताला लागते. जरा हलवा, वजन सुटेल. जाऊ द्या खाली."

वारा होता, तरी 'डुबुक' स्पष्ट ऐकू आलं. अधिकारी बाईंनी आकडा दोनदा वाचला. सहा मीटर अडतीस. पडद्यावरचा आकडा महिन्याभरापूर्वीचा; तेवढ्यात पाणी आणखी दोन सेंटिमीटर चढलं होतं. मग त्यांनी कारकुनाच्या फाइलवर स्वतः वजाबाकी मांडली, शाळेतल्यासारखी एकाखाली एक, आणि फाइल इंजिनिअरांसमोर धरली. त्यांनी त्या तीन ओळी बोट फिरवत पडताळल्या.

"बरोबर आहे," अखेर ते म्हणाले. मोठ्या साहेबांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की ते दोन पावलं मागे सरकले. पण शब्द गेला होता, तो परत घेता येणार नव्हता.

अधिकारी बाईंनी मोजणीबाईंना बाजूला घेतलं. "ही हरकत मी लिहून घेते. तुमचं नाव कसं लिहू? वस्तीच्या रहिवासी म्हणून, की कंपनीच्या कर्मचारी म्हणून?"

"फरक काय पडतो?"

"रहिवासी म्हणून लिहिलं, तर ही एक्केचाळिसावी हरकत. वरचं ऑफिस जशा त्या चाळीस वाचणार नाही, तशी एक्केचाळिसावीही वाचणार नाही. मोजणी करणारी कर्मचारी म्हणून लिहिलं, तर तो पुरावा ठरतो. मग सगळ्या नळ्या नव्याने मोजून होईपर्यंत मला परवानगी थांबवावीच लागेल. मात्र नोंद राहून गेल्याची चूकही तुमच्याच नावावर लागेल."

मोठे साहेब जवळ आले होते. आवाज अगदी मऊ. "बाई, रहिवासी लिहा. नोकरीला धक्का लागणार नाही, मी शब्द देतो. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत तुमची. आणि आम्ही आमचं तपासूच की."

दीर मागून म्हणाला, "वहिनी..."

बाईंनी एकदा खाली वस्तीकडे पाहिलं. मग कारकुनाकडे वळून, वाऱ्याच्या वर आवाज चढवून, भिंतीवरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लिहा. मोजणीवाली. नोकरी बावीस वर्षं. जोड दिल्याची नोंद माझ्याकडून राहून गेली. सात नंबरच्या नळीत पाणी नव्वद सेंटिमीटरच्या वर चढलंय. हे मी रोज माझ्या हाताने मोजते, आणि ही भिंत एक वीतभरसुद्धा वाढवू नये असं माझं म्हणणं आहे."

कारकुनाने लिहिलं. बाईंनी सही केली.

"ठीक आहे," मोठे साहेब म्हणाले. आवाजातला मऊपणा आता पार गेला होता. "मग किल्ल्या इथे द्या. या क्षणापासून तुम्ही कामावर नाही."

"मोजणी व्हायची आहे अजून बारा नळ्यांची," अधिकारी बाई म्हणाल्या. "माझ्यासमोर. आणि ती याच करतील, असं मी आत्ता लिहिते आहे."

साहेब हलले नाहीत. बाईंनी टेप गुंडाळला, वजन कापडाने पुसलं, सातचं कुलूप लावून ओढून पाहिलं आणि पुढे निघाल्या. दीडशे पावलांवर आठ नंबर. साहेब लांब ढांगा टाकत त्यांच्या आधी तिथे पोचले आणि हात पुढे करून, किल्ल्यांसाठी, नळीला पाठमोरे उभे राहिले.

मोजणीबाई त्यांच्यासमोर थांबल्या. किल्ल्यांचा जुडगा बाईंच्या मुठीत होता.

"बाजूला व्हा, साहेब," त्या म्हणाल्या. "नळी तुमच्या मागे आहे."

भिंतीवर दीड-दोनशे माणसं बघत उभी होती. साहेब बाजूला झाले.